मधुमेहाची शिकवणी

बेंगळुरूहून होसूरकडे निघालं की इलेक्ट्रॉनिक्स सिटी आणि बोम्मसंद्रच्या पट्ट्यात बायोकॉनची आवारं लागतात. यीस्टच्या पेशींकडून मानवी इन्सुलिन बनवून घेण्याचं तंत्र या कंपनीनं इथे बसवलं आणि २००४मध्ये ‘इन्सुजेन’ या नावानं ते भारतीय बाजारात आणलं. पुढे जुलै २०२१मध्ये तिच्या ग्लार्जिन इन्सुलिनला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं खास दर्जा दिला. मूळ औषधाऐवजी हे इन्सुलिन दुकानदाराला डॉक्टरांना न विचारता देता येईल, असा तो दर्जा. तो मिळालेलं हे अमेरिकेतलं पहिलंच इन्सुलिन.

एवढ्या काटेकोरपणे बनलेलं औषध दुकानातून घरी येतं. पुढचा सगळा कारभार रुग्णाच्या हातात असतो, आणि तिथे काय काय घडतं ते एका सिरिंजवरूनच बघू. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली बहुधा ‘४०’ची असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पेनमधलं इन्सुलिन ‘१००’चं. सिरिंजही दोन प्रकारच्या मिळतात : लाल टोपणाची ४०साठी, नारिंगी टोपणाची १००साठी. दिसायला दोन्ही जवळपास सारख्याच. चिठ्ठीवर ‘२० युनिट’ लिहिलंय, बाटली ४०ची आहे आणि हाताशी नारिंगी टोपणाची सिरिंज आली, तर २०च्या रेघेपर्यंत भरूनही अंगात फक्त ८ युनिट जातात. शुगर चढत राहते आणि डॉक्टर डोस वाढवत राहतात. उलट, १००चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २०च्या रेघेपर्यंत भरलं तर एकदम ५० युनिट जातात, आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. कारखाना, डॉक्टर, दुकानदार यांनी आपापलं काम चोख केलेलं असतं. बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग जुळवून बघायचा, एवढं एक वाक्य रुग्णाला कुणी सांगितलेलं नसतं.

मधुमेहात अशी न सांगितलेली वाक्यं पुष्कळ आहेत. ‘गोड बंद करा, वजन कमी करा, फिरायला जा’ या तीन आज्ञा घेऊन रुग्ण घरी येतो आणि पुढची वीस-तीस वर्षं रोज लहानमोठे निर्णय स्वतःच घेत राहतो. आज पाहुणचारात पुरणपोळी आली, ताप आला म्हणून जेवण गेलं नाही, रात्री दोनला घाम फुटला, अशा वेळी डॉक्टर जवळ नसतात. म्हणून रुग्णाला शिकवणं हे उपचाराच्या शेवटी जोडायचं शेपूट नाही. तोच एक उपचार आहे. त्यालाही मात्रा असते आणि तो थांबवला की त्याचा असर ओसरतो.

शिकवणीचाही डोस असतो

हे पहिल्यांदा ओळखणाऱ्यांत बॉस्टनचे डॉक्टर एलियट जॉस्लिन होते. इन्सुलिन सापडण्याआधीच, १९१८ साली, त्यांनी डॉक्टर आणि रुग्ण दोघांनी वापरावी अशी मधुमेहाची पुस्तिका लिहिली. १९२२मध्ये इन्सुलिन हाती आलं तेव्हा अनेकांना वाटलं, प्रश्न मिटला. जॉस्लिन मात्र रुग्णांचे वर्ग भरवत राहिले आणि घरोघरी जाऊन शिकवणाऱ्या परिचारिका तयार करत राहिले. इन्सुलिनमुळे माणूस जगेल, पण नीट जगायचं असेल तर त्याला स्वतःच्या आजारातला जाणकार व्हावं लागेल, असा त्यांचा आग्रह होता.

त्या आग्रहाला भक्कम पुरावा मिळाला तो १९९३ साली. अमेरिका आणि कॅनडात पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर झालेल्या ‘डीसीसीटी’ या अभ्यासात शुगर काटेकोर सांभाळणाऱ्या गटात डोळ्यांच्या पडद्याचा विकार होण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी घटलं. या गटाला कुठलंही नवं औषध दिलं नव्हतं. दिवसातून चारदा शुगर तपासणं, आकडा बघून इन्सुलिनचा डोस ठरवणं, दर महिन्याला केंद्रात भेट आणि मधल्या काळात फोन, असा तो उपचार होता. थोडक्यात, इन्सुलिन तेच होतं, पण ते वापरायला बारकाईनं शिकवलेलं होतं. पाच वर्षांनी ब्रिटनमधल्या ‘यूकेपीडीएस’ या अभ्यासानं दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहातही काटेकोर नियंत्रणाचा फायदा दाखवला. त्याच रुग्णांच्या पुढच्या विश्लेषणात रक्तातल्या साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीत, म्हणजे ‘एचबीए१सी’ या आकड्यात, १ टक्क्याची घट ही डोळे-मूत्रपिंडांसारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या विकारांतल्या ३७ टक्के घटीशी जोडलेली दिसली.

मात्रेचा हिशेबही झाला. २००२ साली अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा दिसलं की एचबीए१सी १ टक्क्यानं खाली यायला शिकवणाऱ्यानं रुग्णाबरोबर सरासरी २३.६ तास घालवावे लागतात. शिकवणी थांबल्यावर एक ते तीन महिन्यांतच फायद्याचा मोठा भाग ओसरतो. आपल्या ओपीडीत दर तीन महिन्यांनी पंधरा मिनिटं मिळाली तरी वर्षाचा जमाखर्च एका तासाचा होतो. त्या तासातही रिपोर्ट वाचणं, रक्तदाब मोजणं आणि चिठ्ठी लिहिणं यांतच निम्मा वेळ जातो.

राजाजीनगरचा प्रयोग

मग हे तास आणायचे कुठून? देशात डॉक्टर कमी आणि रुग्ण अमाप. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या पाहणीनं २०२३ साली देशातल्या मधुमेहींचा आकडा १० कोटी १० लाख सांगितला. त्यात गोवा २६.४ टक्क्यांसह सगळ्यात वर होतं. एवढ्या लोकांना डॉक्टरांनी बसून शिकवणं शक्य नाही.

या प्रश्नाचं एक उत्तर बेंगळुरूतही तपासलं गेलं. ‘इंडिपेंडंट’ नावाच्या चाचणीसाठी दिल्ली, चेन्नई आणि विशाखापट्टणमबरोबर बेंगळुरूच्या राजाजीनगरातलं डायाकॉन हॉस्पिटल निवडलं होतं. मधुमेह आहे आणि मनही खचलेलं आहे, असे ४०४ रुग्ण त्यात होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याशिवाय एक समन्वयक दिला. तो डॉक्टर नव्हता. रुग्णाला भेटायचं किंवा फोन करायचा, मन कसं आहे, गोळ्या चालू आहेत का, शुगर आणि रक्तदाब किती आला हे विचारायचं, स्वतःची काळजी घेण्यात अडचण कुठे येते ते सोडवायला मदत करायची, आणि ही सगळी माहिती तज्ज्ञांच्या बैठकीत मांडायची, हे त्याचं काम.

२०२० साली निकाल छापून आला. नैराश्याची तीव्रता निम्म्यावर येणं आणि शुगर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी किमान एकात ठरावीक सुधारणा होणं, अशी दुहेरी कसोटी होती. समन्वयक मिळालेल्या गटात ७१.६ टक्के रुग्ण ती पार करू शकले, तर नेहमीच्या उपचारात ५७.४ टक्के. भारत-पाकिस्तानातल्या दहा दवाखान्यांत १,१४६ रुग्णांवर झालेल्या आधीच्या एका चाचणीतही असाच समन्वयक आणि डॉक्टरांना सल्ला सुचवणारी संगणक-प्रणाली वापरली होती. शुगर आणि त्याबरोबर रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल लक्ष्याच्या आत आणणाऱ्यांचं प्रमाण नेहमीच्या उपचारात ८.१ टक्के होतं, ते इथे १८.२ टक्के झालं. म्हणजे दुपटीहून जास्त. तरी शंभरातले ऐंशीहून अधिक जण लक्ष्याबाहेरच राहिले, हेही त्याच आकड्यात दिसतं.

मन आणि शुगर एकत्र का तपासली? मधुमेहात थकवा रोजच्या हिशेबाचाही असतो. प्रत्येक घासाचा जाब, प्रत्येक रिपोर्टला परीक्षेचा निकाल लागल्यासारखी धाकधूक, आणि घरातल्यांचं ‘तुम्हाला चालतं का हे?’. याला कंटाळून माणूस आधी मीटर कपाटात टाकतो, मग गोळ्या चुकवतो. ‘पेशंट ऐकत नाही’ असा शिक्का बसतो तो अशा वेळी. त्याला आणखी एक तक्ता देऊन उपयोग नसतो. काय जड जातंय हे विचारणारं कुणीतरी हवं असतं.

आकडे वाचायला शिकणं

शिकवणीतला पहिला धडा आकड्यांचा. लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला रक्तातली साखर चिकटते आणि पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून एचबीए१सी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर साधारण १५४ मिलिग्रॅम, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. तपासणीआधी दोन दिवस भात सोडून फास्टिंग सुधारता येतं, पण या आकड्याला फसवता येत नाही. मात्र लोहाची कमतरता असेल तर तो खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. तेव्हा हिमोग्लोबिन कमी असणाऱ्या बाईनं केवळ या एका आकड्यावरून घाबरून जाऊ नये, डॉक्टरांना तसं सांगावं.

सरासरी कळली तरी चूक नेमकी कुठे होते ते तिच्यात दिसत नाही. त्यासाठी घरचं ग्लुकोमीटर. अनेक घरांत ते असतं, पण रोज सकाळी उपाशीपोटी एक स्ट्रिप वापरून आकडा वहीत चढवला की काम संपतं. पट्ट्या महाग असतात, म्हणून त्या विचारपूर्वक खर्च कराव्यात. एकच जेवण निवडायचं आणि आठवडाभर त्याच्या आधी आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी तपासायचं. समजा, न्याहारीला तीन इडल्या, चटणी आणि साखर घातलेली फिल्टर कॉफी घेतली, आणि आकडा १२०वरून २२०वर गेला. दुसऱ्या दिवशी दोन इडल्या, वाटीभर सांबारातली डाळ-भाजी आणि बिनसाखरेची कॉफी घेतली, तर १२०वरून १७०. इडली खावी की नाही या वादाचा निकाल तुमच्या स्वयंपाकघरातच लागला. पुढच्या आठवड्यात दुपारचं जेवण घ्यावं. बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि दोन तासांनी १८०च्या आत, हे लक्ष्य धरतात. वय फार झालेलं असेल किंवा शुगर वारंवार खाली जात असेल, तर डॉक्टर ते सैल करतात.

बोट टोचण्याआधी हात साबणानं धुऊन कोरडे करा. आंबा किंवा केळं सोललेल्या बोटावर राहिलेला रसाचा अंश आकडा भरमसाट वाढवतो आणि माणूस विनाकारण जास्तीची गोळी घेतो. टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध नाही; तिथे दुखतं कमी.

ताटातलं गणित

बेंगळुरूचं खाणं म्हणजे तांदळाची नाना रूपं : इडली, बेण्णे दोसे, बिसीबेळे भात, पुळियोगरे, चित्रान्न. पुण्या-नागपूरहून मुलाकडे राहायला आलेल्या आई-बाबांना पोळीच्या जागी हे रोजचं होतं आणि पहिल्या रिपोर्टमध्ये ते दिसतं. मग कुणीतरी सांगतं, ‘इथली रागी खा, शुगरला चांगली.’ रागी म्हणजे आपली नाचणी. तिच्यात तंतू आणि कॅल्शियम भरपूर, हे खरं. पण पिष्टही भरपूर. बारीक पिठाची आंबील किंवा ‘मुद्दे’ म्हणतात तो नाचणीचा भला मोठा उंडा साखर चढवतोच. गुळाचं तेच, मधाचं तेच. पदार्थाच्या नावापेक्षा त्यात पिष्ट किती आणि ते कशाबरोबर पोटात जातं, हे महत्त्वाचं.

यातली एक युक्ती फुकट आहे. ताटातली भाजी आणि डाळ-कडधान्य आधी, भात-पोळी शेवटी. २०१५ साली न्यूयॉर्कमध्ये झालेल्या एका छोट्या अभ्यासात तेच जेवण फक्त क्रम बदलून दिलं, तेव्हा जेवणानंतर तासाभरानं साखर ३७ टक्क्यांनी कमी भरली. कन्नड घरात यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. भिजवलेल्या मुगाच्या डाळीची कोसंबरी पानात असतेच. ती चमचाभर न वाढता वाटीभर घ्यायची आणि आधी संपवायची. हिवाळ्यात बाजारात अवरेकाळूचे, म्हणजे पावट्याच्या दाण्यांचे, ढीग लागतात, त्यांची उसळही याच कामाची. आपल्याकडची मटकी, वाल, कोशिंबीर यांनाही हाच नियम.

चालण्याचंही वेळापत्रक असतं. लालबागेत पहाटे दोन फेऱ्या मारायच्या आणि बाहेर पडताना दर्शिनीत उभ्या उभ्या मसाला दोसा, हा या शहरातला शिरस्ता. चालणं चांगलंच, पण त्यानंतर चढलेली साखर उतरवायला दिवसभर खुर्ची असते. न्यूझीलंडमधल्या २०१६च्या एका अभ्यासात दिवसातून एकदा अर्धा तास चालण्यापेक्षा तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चालल्यानं जेवणानंतरची साखर १२ टक्क्यांनी कमी आली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. पहाटेची फेरी सोडायची गरज नाही. रात्री जेवल्यावर टीव्हीसमोर बसण्याआधी सोसायटीच्या आवारात दहा मिनिटं फिरून यायचं, इतकंच.

शुगर उतरते तेव्हा

चढलेली साखर वर्षानुवर्षं पोखरते. उतरलेली साखर अर्ध्या तासात आडवं पाडते. ७०च्या खाली आकडा गेला की हात थरथरतात, दरदरून घाम येतो, छातीत धडधडतं, कधी माणूस विनाकारण चिडतो. इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका जास्त. एकट्या मेटफॉर्मिननं असं क्वचितच होतं. उपाय ठरलेला आहे : तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून लगेच घ्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमी असेल तर पुन्हा घ्यायचं, आणि बरं वाटल्यावर थोडं खायचं. चॉकलेट किंवा बर्फी देऊ नये, त्यातली चरबी साखर शोषायला उशीर लावते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं, आणि मराठी घरात ते उपवासाच्या दिवशी हमखास आठवायला हवं. संकष्टीला दिवसभर पोट रिकामं आणि सकाळची गोळी मात्र नेमानं घेतलेली, म्हणून दुपारी शुगर उतरते. रात्री साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याची भाजी, म्हणून ती उसळते. उपवास करायचाच असेल तर आधीच्या भेटीत डॉक्टरांकडून त्या दिवसाचा डोस ठरवून घ्यावा. तापात किंवा उलट्या होत असताना कोणती गोळी थांबवायची आणि कोणती नाही, हेही तेव्हाच विचारून कागदावर लिहून घ्यावं. इन्सुलिन मात्र जेवण जात नाही म्हणून मनानं बंद करायचं नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी आणखी काही गोष्टी. दुधाळ दिसणारं मिश्र इन्सुलिन टोचण्याआधी बाटली दोन तळव्यांत हळू घोळवायची, जोरात हलवायची नाही. रोज एकाच जागी टोचलं तर कातडीखाली गाठ होते आणि तिथून औषध कधी कमी, कधी जास्त शोषलं जातं. जागा बदलत राहायचं. उघडलेली बाटली साधारण महिनाभर खोलीच्या तापमानात चालते. बेंगळुरूच्या हवेत ते बहुतेक सहज जमतं. पण मे महिन्यात लग्नाला सोलापूर किंवा नागपूरला जाताना ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या भांड्यात ठेवावं लागतं. फ्रीजरमध्ये गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं.

पायाकडे बघा

मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. खडा टोचला तरी कळत नाही, जखम चिघळते आणि प्रकरण बोट किंवा पाय कापण्यापर्यंत जातं. भारतीय विज्ञान संस्था आणि कर्नाटक एंडोक्रिनॉलॉजी संशोधन संस्था या बेंगळुरूच्या दोन सरकारी संस्थांनी मिळून यासाठी एक खास सँडल तयार केली आहे. तळव्याच्या एका जागी ठरावीक मर्यादेबाहेर दाब आला की तिथला कमानीसारखा भाग आपोआप खाली बसतो आणि भार दुसरीकडे जातो. त्यात वीज नाही, सेन्सर नाही. बधिर पायाचा माणूस चालण्याची ढब स्वतःहून बदलत नाही, ते काम चप्पल करते.

अशी चप्पल सगळ्यांना मिळणार नाही, पण आरसा मिळतो. रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून तळवा आरशात बघायचा. भोवरी स्वतः ब्लेडनं कापायची नाही. देवळात उन्हानं तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालायची नाही. मोजे घालून देव रागावत नाही. वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची, लघवीतल्या अल्ब्युमिनची आणि पायाच्या संवेदनेची तपासणी करायची, दिसायला सगळं ठीक असलं तरी. या तिन्ही ठिकाणी त्रास जाणवेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं.

बिलात नसलेली गोष्ट

एवढं सगळं एका भेटीत कुणी शिकवू शकत नाही आणि कुणी शिकूही शकत नाही. त्यासाठी आहारतज्ज्ञ, परिचारिका किंवा प्रशिक्षित समन्वयक लागतो, आणि तो पुन्हा पुन्हा भेटावा लागतो. आपल्या आरोग्य विम्याचं गणित मात्र उलटं आहे. पाय कापण्याची शस्त्रक्रिया झाली तर बहुतेक पॉलिसी पैसे देतात, पण पाय सांभाळायला शिकवणाऱ्या तासाचे पैसे सहसा मिळत नाहीत. म्हणून दवाखाने तो तास ठेवत नाहीत, आणि रुग्णही तो मागत नाहीत.

तो मागायला हवा. दवाखाना निवडताना डॉक्टरांच्या पदव्या बघतो, तसं आणखी दोन गोष्टी विचाराव्यात : इथे शिकवायला कोण आहे, आणि ते आईला कळेल अशा भाषेत बोलतात का? बेंगळुरूत हा दुसरा प्रश्न फार मोलाचा. कन्नड-इंग्रजीत झालेलं बोलणं मुलगा दोन वाक्यांत सांगतो आणि त्यात सिरिंजच्या टोपणाचा रंग हमखास गळतो. तेव्हा पुढच्या भेटीला वही, मीटर आणि वापरतो ती सिरिंज बरोबर न्यावी, इन्सुलिन कसं भरतो ते त्यांच्यासमोर करून दाखवावं, आणि चुकत असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्यावं.